नासा एडीएस : खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याचे मोफत ग्रंथालय

पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात पीएच.डी. करताना ज्या सेवेवाचून माझा कामाचा एकही दिवस सरत नाही, त्या, खगोलशास्त्रातील शोधनिबंध शोधून देणाऱ्या ‘ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टीम’चे, म्हणजे संशोधक जिला नुसते ‘एडीएस’ म्हणतात तिचे, हे परीक्षण आहे. दुर्बिणींची परीक्षणे मराठीत अधूनमधून वाचायला मिळतात; पण संशोधनाच्या वाटेला लागलेल्या विद्यार्थ्याचा दुर्बिणीपेक्षा कितीतरी अधिक वेळ जिच्या सोबतीने जातो, त्या या सेवेविषयी मराठीतले काही माझ्या वाचनात आलेले नाही. बी.एस्सी., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी, त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आणि नेमाने आकाशनिरीक्षण करणाऱ्या हौशी मंडळींनीही ती वापरावी असे मला मनापासून वाटते. ती कशी वापरावी आणि कुठे तिच्यावर विसंबू नये, हे थोडे तपशिलात सांगते.

नासाच्या निधीतून चालणारी ही सेवा अमेरिकेत केंब्रिज येथील हार्वर्ड आणि स्मिथसोनियन यांच्या खगोलभौतिकी केंद्रातून चालवली जाते. शोधनिबंधांचे सारांश शोधण्याची सोय तिने १९९३ साली उपलब्ध करून दिली आणि १९९४ मध्ये ती वेबवर आली, म्हणजे गूगलच्या स्थापनेच्या चार वर्षे आधी. आज तिच्यात दीड कोटीहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यांतली कोणतीही पाहायला पैसे लागत नाहीत की खातेही उघडावे लागत नाही. इंटरनेट मंद होते त्या काळात या सेवेच्या प्रती, ज्यांना ‘मिरर साइट’ म्हणत, निरनिराळ्या देशांत ठेवलेल्या असत आणि त्यांतली एक पुण्याला आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत होती. पुढे सारी यंत्रणा क्लाउडवर गेली, जुने पान २०१९ मध्ये बंद झाले आणि मिररची गरजही संपली. तरीही, परदेशातील पान उघडायला मिनिटे लागत असताना आपल्या विद्यार्थ्यांना हे ग्रंथालय पुण्यातूनच उघडता येत होते, या गोष्टीचे मोल मला फार वाटते.

आमचा दिवस सुरू होतो तो आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावरील नव्या पेपरांपासून. आर्काइव्हची रोजची यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्री ८ वाजता जाहीर होते. भारतात तेव्हा तिथल्या उन्हाळी वेळेनुसार पहाटेचे ५.३० आणि हिवाळ्यात सकाळचे ६.३० वाजलेले असतात. खगोलभौतिकीच्या विभागात रोज येणारे सगळे पेपर वाचणे कुणालाच शक्य नसते. येथे ‘मायएडीएस’ ही सोय उपयोगी पडते. आपले विषय, काही लेखकांची नावे आणि आपल्याला महत्त्वाचे वाटणारे जुने पेपर एकदा नोंदवून ठेवले, की त्यांच्याशी संबंधित नवे काही आले तर त्याची यादी ईमेलने येते; आर्काइव्हची रोज आणि बाकीची आठवड्याने. माझे काम दीर्घिकांमधील उदासीन हायड्रोजनवर आहे, जो २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या, रेषेत दिसतो. या विषयात कालपर्यंत काय झाले हे सकाळच्या चहाबरोबर कळते आणि दिवसभर काहीतरी निसटल्याची धास्ती राहत नाही. यासाठी मात्र खाते उघडावे लागते. तेही मोफतच आहे.

एडीएसचे खरे बळ शोधाच्या चौकटीपेक्षा शोधानंतर जे करता येते त्यात आहे, असे माझे मत आहे. उदाहरणादाखल जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारा प्रत्येक जण ज्याचा हवाला देतो तो १९९१ सालचा ‘करंट सायन्स’मधील पेपर घेऊ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे उभ्या राहणाऱ्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांच्या दुर्बिणीचा परिचय करून दिला होता. एडीएसवर या पेपरचे पान उघडले की डाव्या बाजूला एक स्तंभ दिसतो. ‘रेफरन्सेस’वर टिचकी मारली की या पेपरने कोणाचा आधार घेतला ते कळते, म्हणजे आपण काळात मागे जातो, ‘साइटेशन्स’वर गेलो की पुढे कोणी याचा आधार घेतला त्यांची यादी येते, आणि ही यादी म्हणजे बऱ्याच अंशी जीएमआरटीच्या विज्ञानाचा इतिहासच असतो. तिला वर्षानुसार लावा, फक्त रेफरीने, म्हणजे त्या विषयातील तज्ज्ञाने, तपासलेले पेपर ठेवा, त्यांतून हायड्रोजनविषयीचे वेगळे काढा. प्रत्येक पायरीला एक टिचकी पुरते.

याच्याही पुढची एक सोय फार थोडे विद्यार्थी वापरतात, आणि ती प्रत्येकाला पहिल्याच वर्षी कोणीतरी दाखवायला हवी. एखाद्या विषयावरचे दोनशे पेपर शोधून काढले, तर त्या संपूर्ण संचावर ‘यूजफुल’ आणि ‘रिव्ह्यूज’ असे दोन आदेश देता येतात. पहिला आदेश त्या दोनशे पेपरांनी मिळून सर्वांत जास्त वेळा ज्यांचा हवाला दिला आहे असे पेपर समोर ठेवतो, म्हणजे त्या विषयातील पायाभूत काम आणि सर्वांनी वापरलेल्या पद्धती. दुसरा आदेश याच्या उलट, त्या दोनशेपैकी जास्तीत जास्त पेपरांचा हवाला ज्यांनी दिला आहे ते पेपर शोधतो, आणि असे पेपर बहुधा आढावा घेणारे असतात. पुण्यात आयुका आणि एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था यांचा एकत्रित अभ्यासक्रम पहिल्या वर्षी असतो. तो चालू असतानाच गाइड एखादा विषय सुचवतात आणि ‘यावर काय काय झाले आहे ते बघून ये’ म्हणतात. त्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती एकदोन पेपरांची नावे असतात आणि समोर पन्नास वर्षांचे वाङ्मय. आधी ‘रिव्ह्यूज’मधून आलेला एक चांगला आढावा वाचावा, मग ‘यूजफुल’मधील पहिले दहा पेपर चाळावेत, आणि त्यानंतरच ताज्या कामाकडे वळावे, असा क्रम मी आता नव्या विद्यार्थ्यांना सांगते.

प्रत्येक पेपरला एडीएस एक ‘बिबकोड’ देते. तो अचूक एकोणीस अक्षरांचा असतो : वर्षाची चार, नियतकालिकाच्या लघुनामाची पाच, खंडाची चार, एक विशेष खुणेची, पानाची चार, आणि शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचे आद्याक्षर, रिकाम्या जागी टिंबे भरतात. एडविन हबल यांचा विश्वाच्या प्रसरणाचा पाया घालणारा १९२९ सालचा पेपर अमेरिकी विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’च्या १५व्या खंडात १६८व्या पानावर आहे, आणि एवढे ठाऊक असणारा कोणीही त्याचा बिबकोड कागदावर लिहून दाखवू शकतो. अर्थशून्य आकड्यांच्या ओळखक्रमांकांपेक्षा ही रचना मला कितीतरी सरस वाटते, कारण ती नुसती वाचूनच पेपर कधीचा आणि कुठला हे कळते.

दुर्बिणीवर वेळ मागण्याचा प्रस्ताव लिहितानाही एडीएस लागतेच. जीएमआरटीची निरीक्षणसत्रे एप्रिल आणि ऑक्टोबरपासून अशी वर्षातून दोनदा सुरू होतात, आणि प्रस्तावात आपल्या स्रोताविषयी, म्हणजे ज्या खगोलीय वस्तूचे निरीक्षण करायचे तिच्याविषयी, आधी काय झाले आहे हे लिहावे लागते. दीर्घिकेचे नाव टाकून शोध घेतला की एडीएस खगोलीय वस्तूंच्या सूचींचा आधार घेऊन त्या वस्तूच्या इतर नावांनी लिहिलेले पेपरही शोधते, आणि एकाच दीर्घिकेला चार याद्यांत चार क्रमांक असतात तेव्हा याचे महत्त्व कळते. पेपराचा संपूर्ण मजकूर किंवा फक्त ऋणनिर्देश एवढ्यापुरताही शोध घेता येतो. जीएमआरटी वापरणारे लेखक ऋणनिर्देशात दुर्बिणीच्या कर्मचाऱ्यांचे आभार मानतात. त्यामुळे शीर्षकात किंवा सारांशात जीएमआरटीचे नाव नसलेले पेपरही त्या वाटेने सापडतात.

आता आकाश पाहणाऱ्यांविषयी. खोडदला निरीक्षणासाठी गेल्यावर नियंत्रण कक्षात रात्र काढायची असते, आणि एकदा ॲन्टेना ठरल्या क्रमाने स्रोताकडे वळू लागल्या की मधून मधून बाहेर येता येते. थंडीच्या दिवसांत मृग नक्षत्र वर आलेले असते. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली नुसत्या डोळ्यांनाही जो धूसर ठिपका जाणवतो, तो ओरायन तेजोमेघ. याच तेजोमेघाचा वर्णपट पुण्यातून अभ्यासला गेला होता, आणि तोही एकोणिसाव्या शतकात. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तिथली २० इंची ग्रब परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. त्यांनी १८९१ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ‘मंथली नोटिसेस’मध्ये या तेजोमेघाच्या मुख्य वर्णरेषेविषयी टिपण प्रसिद्ध केले. ही रेषा नेमकी कशामुळे उमटते यावर तेव्हा इंग्लंडमध्ये लॉकियर आणि हगिन्स या खगोलशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद चालू होता, आणि रेषा धूसर कडेची नसून रेखीव आहे हे पुण्याचे निरीक्षण लॉकियर यांच्या मताच्या विरोधात जाणारे होते.

हे सगळे मी एखाद्या दुर्मीळ ग्रंथसंग्रहात जाऊन वाचलेले नाही. १८२१ पासूनचे ‘ॲस्ट्रोनोमिशे नाखरिख्टेन’, १८२७ पासूनचे ‘मंथली नोटिसेस’, १८४९ पासूनचे ‘ॲस्ट्रॉनॉमिकल जर्नल’, १८९५ पासूनचे ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’, या सर्वांची जुनी पाने एडीएसने स्कॅन करून कोणालाही वाचता येतील अशी ठेवली आहेत. भारतीय खगोलशास्त्र परिषदेच्या ‘बुलेटिन’चे अंकही त्यांत आहेत. पानांवर छपाईचे डाग, वाकलेल्या ओळी आणि क्वचित ग्रंथालयाचा शिक्काही दिसतो. नायगमवालांच्या टिपणापासून पुढे निघाले की त्या गूढ रेषेला काही दशके एका काल्पनिक मूलद्रव्याचे, ‘नेब्युलियम’चे, नाव चिकटलेले दिसते, आणि शेवटी आयरा बोवेन यांचा १९२८ सालचा ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मधील पेपर येतो, ज्यात ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे सविस्तर दाखवले आहे. पुण्यातील एका वेधशाळेचे काम या मोठ्या वाटेवर नेमके कुठे बसते, हे एका संध्याकाळी स्वतः पाने उलटून कळते. इतिहासाच्या पुस्तकातील एका वाक्यातून ते असे कळत नाही.

हौशी निरीक्षकांनीही हा मार्ग धरावा, असा माझा आग्रह आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे आणि महाराष्ट्रात आकाशनिरीक्षणाची चांगली परंपरा आहे. पण रात्री पाहिलेल्या ताऱ्याबद्दल दुसऱ्या दिवशी मूळ पेपर उघडण्याची सवय आपल्याकडे कमी आहे. उत्तर मुकुटातील टी कोरोनी बोरिॲलिस हा तारा घ्या. एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असलेला हा तारा १८६६ आणि १९४६ साली भडकून नुसत्या डोळ्यांना सहज दिसेल इतका, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा, झाला होता (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). त्याचे नाव टाकून शोध घ्या आणि निकाल जुन्याकडून नव्याकडे लावा; १८६६ साली त्याचा वर्णपट पाहून हगिन्स यांनी काय नोंदवले, ते त्यांच्याच शब्दांत वाचता येते. किंवा मृगातील काक्षी, म्हणजे बेटलज्यूज, पाहा. २०१९च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२०पर्यंत हा तारा मंदावत साधारण १.६ प्रतीपर्यंत उतरला होता आणि तो बदल गावाकडच्या अंगणातूनही ओळखता येत होता. त्याच्या नावाने शोध घेतला की निकालांशेजारच्या वर्षनिहाय आलेखात २०२० पासूनचे स्तंभ उंचावलेले दिसतात, आणि धुळीचा ढग की पृष्ठभागाचे थंड होणे या वादातील दोन्ही बाजू वाचता येतात. सारांशापुरते इंग्रजी येत असेल तर एवढे वाचायला पीएच.डी. लागत नाही.

पेपर किंवा प्रबंध लिहायला बसल्यावर संदर्भसूचीचे काम एडीएस जवळजवळ संपवूनच देते. लागणारे पेपर एका ‘लायब्ररी’त गोळा करावेत, ती गाइडबरोबर आणि सहलेखकांबरोबर वाटून घ्यावी, आणि शेवटी सगळ्यांची बिबटेक नोंद, म्हणजे संदर्भसूची आपोआप बनवता येईल अशा स्वरूपातली नोंद, एकदम काढावी. येथे नवशिक्यांसाठी एक सूचना. या नोंदींत नियतकालिकाचे नाव पूर्ण नसून लाटेक या लेखनप्रणालीची संक्षिप्त आज्ञा असते. खगोलशास्त्राच्या नियतकालिकांच्या साच्यांना ती कळते; पण विद्यापीठाच्या प्रबंधाच्या साच्यात तीच नोंद टाकली की ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स’ अशी त्रुटी येते आणि विद्यार्थी भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो. एडीएसच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘नियतकालिकाचे पूर्ण नाव’ हा पर्याय निवडला की हा प्रश्न मिटतो. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिली आणि आपल्याला जवळून लागू होणारी उणीव नावांची आहे. एडीएसची रचना आडनाव आणि आद्याक्षरे या पाश्चात्त्य पद्धतीवर उभी आहे. वेणू बाप्पू यांनी ऑलिन विल्सन यांच्यासोबत १९५७ साली लिहिलेला, ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या रेषेच्या रुंदीवरून ताऱ्याची तेजस्विता काढणारा पेपर जगप्रसिद्ध आहे. पण त्याचा हवाला सर्वत्र ‘विल्सन आणि वेणू बाप्पू’ असा दिला जातो, कारण वेणू हा आडनावाचाच भाग धरला गेला. ज्यांना आडनावच नाही अशा दक्षिण भारतीय संशोधकांची, लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची, आणि पाटील, जोशी, कुलकर्णी अशा आडनावांबरोबर एकच आद्याक्षर लावणाऱ्यांची नोंद विखुरते किंवा दुसऱ्याच्या नोंदीत मिसळते. एडीएस नावांची ज्ञात रूपे आपणहून जुळवून घेते, हे खरे. तरी प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या पेपरआधीच ओआरसीआयडी हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक घ्यावा आणि आपले पेपर त्याला जोडावेत. नाव कसे छापायचे हेही तेव्हाच ठरवावे आणि पुढे बदलू नये.

दुसरी मर्यादा जुन्या पेपरांची. एकोणिसाव्या शतकातील लेखक तळटिपेत किंवा ओघात नावे घेत, त्यामुळे त्या काळच्या पेपरांच्या ‘साइटेशन्स’ची यादी फार तोकडी असते, नायगमवाला ते बोवेन हा प्रवास म्हणूनच आपला आपण करावा लागतो. तिसरी, एडीएस नोंद आणि सारांश देते, पण नव्या पेपरचा पूर्ण मजकूर प्रकाशकाच्या कुलपामागे असेल तर ते कुलूप ती उघडत नाही. खगोलशास्त्रात बहुतेक नवे पेपर आर्काइव्हवर असल्याने, आणि एडीएस त्याचा दुवा तिथेच देत असल्याने, अडचण क्वचितच येते. साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कामाला हे लागू पडते. मराठीतील विज्ञान नियतकालिके किंवा मराठी ग्रंथ येथे शोधू नयेत.

आणि एका गोष्टीबद्दल मला मनापासून काळजी वाटते. एडीएस कोणाही लेखकाच्या साइटेशन्सची बेरीज, पेपर आणि त्यांचे हवाले यांवरून काढला जाणारा एच-निर्देशांक आणि त्यांचे आलेख क्षणात काढून देते. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनपदासाठी, अर्ज करण्याच्या वयात विद्यार्थी स्वतःचे आणि बरोबरीच्यांचे आकडे पुन्हा पुन्हा पाहू लागतात. शेकडो लेखकांच्या सर्वेक्षणाच्या पेपरवर नाव असणे आणि एकट्याने एका दीर्घिकेचा दोन वर्षे अभ्यास करून लिहिणे, या दोन गोष्टी त्या बेरजेत एकाच मापाने मोजल्या जातात. लेखकसंख्येने भागलेली ‘नॉर्मलाइज्ड’ संख्या तिथेच बाजूला दिलेली असते, पण तिच्याकडे फार थोडे पाहतात. निवड समित्यांनी आणि गाइडनी तरी ती पाहावी, आणि त्याहून आधी पेपर वाचावा.

गूगल स्कॉलर पुरेसे नाही का, असे काही जण विचारतात. सहज शोधासाठी पुरते. पण पेपर रेफरीने तपासला आहे की नाही, पहिला लेखक कोण, कोणत्या खगोलीय वस्तूविषयी आहे, असे निकष तिथे एडीएसइतके नेमके लावता येत नाहीत. पहिल्या लेखकासाठी एडीएसमध्ये नावाआधी ^ हे चिन्ह लिहायचे, एवढेच. आता याच गटाने ग्रहविज्ञान, भूविज्ञान आणि सौरभौतिकी यांनाही सामावून घेणारे ‘सायन्स एक्सप्लोरर’, म्हणजे ‘सायएक्स’, सुरू केले आहे; मांडणी ओळखीची आहे आणि शोधाची भाषाही तीच, त्यामुळे आज एडीएस शिकलेले वाया जाणार नाही.

माझ्या मते ही सेवा पाचपैकी पाच गुणांची आहे. महाविद्यालयांत एम.एस्सी.च्या प्रकल्पाआधी तिच्यासाठी दोन तासांचे प्रात्यक्षिक ठेवावे. त्यासाठी इंटरनेट असलेला एक संगणक पुरतो, वर्गणी भरावी लागत नाही, आणि ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकही खगोलशास्त्रीय नियतकालिक येत नाही तिथे तर ते आधी ठेवावे.